वासनिक सिस्टरांचा निळा चौकोन

वासनिक सिस्टर रागावल्या की शुद्ध मराठी बोलत. एरवी त्यांची बोली आमच्या वर्ध्याचीच. "काऊन गं, एवढ्या उन्हात कुठं जाऊन राह्यली," असं कुंपणापलीकडून विचारणारी. पण बोलण्यात 'आपण' आणि 'कृपया' आलं की समजायचं, समोरच्याची आता धडगत नाही. ही सवय त्यांना दवाखान्यात लागली. दारू पिऊन वॉर्डात शिरणारा नातेवाईक असो की राउंडला उशिरा येणारा नवा डॉक्टर, सिस्टर म्हणत, "आपण कृपया बाहेर थांबा." तो थांबायचा.

रिटायर झाल्यावरही त्या सिस्टरच राहिल्या. त्यांचं नाव कुसुम आहे हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या मिस्टरांच्या तोंडून. सिंदी मेघेच्या आमच्या कॉलनीत त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त एक कडुनिंब. माझी नोकरी केळझरच्या शाळेत. सकाळी बससाठी निघाले की सिस्टर अंगणात दिसत. सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. चपलेत पाय त्यांना मोकाट वाटत.

घरी आल्या तर चहाआधी कोपरापर्यंत हात धूत. बोलता बोलता माझं मनगट धरत. मला वाटायचं, माया आहे. एकदा मधेच म्हणाल्या, "तुही नाडी जोरात चालून राह्यली, कोणाशी भांडून आली का?" तेव्हा कळलं की इतके दिवस त्या नाडी मोजत होत्या. पण मायाही होतीच. त्यांच्याजवळ या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

वस्तू जागेवर ठेवण्याचं त्यांना वेड होतं. आमच्या घरातली कात्री त्या ज्या खिळ्याला अडकवून गेल्या, तो खिळा आजही कात्रीचाच आहे. मी एकदा हसले तर त्यांनी एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला एका बाईला बाळंतपणासाठी घाईनं वर न्यायचं होतं. लिफ्टच्या दारात कोणीतरी रिकामं स्ट्रेचर आडवं सोडलेलं, त्याच्यामागं दोन व्हीलचेअर एकमेकींत अडकलेल्या. त्या ओढेपर्यंत जो वेळ गेला तो गेला. पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "रिकाम्या गाडीनं माणूस अडते, मॅडम. भरल्या गाडीनं नाई अडत. भरल्या गाडीमांगं कोणीतरी उभं असते."

वासनिक साहेब तहसील कार्यालयात होते. उंच, आवाज खणखणीत, भाजीबाजारात वांगी निवडायला लागले की भाजीवाली बाईच थकून म्हणायची, "घ्या साहेब, तुमच्या मनानं घ्या." रिटायर झाल्यावर वर्षभरातच त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. फक्त दोन शब्द उरले, "जाऊ दे." भूक लागली तरी "जाऊ दे", ऊन लागलं तरी "जाऊ दे", नातवाचा फोन आला की आनंदानं "जाऊ दे". सिस्टरांना प्रत्येक "जाऊ दे"चा अर्थ कळायचा. कधीमधी, फार प्रयत्नानं, "कुसुम" निघायचं. त्या दिवशी सिस्टर दिवसभर गुणगुणत असायच्या.

साहेबांसाठीच त्या साठीला आल्यावर गाडी शिकल्या. जुनी अल्टो घेतली आणि तिलाही वॉर्डात लावल्यासारखी शिस्त लावली. साहेबांना व्हीलचेअरमधून पुढच्या सीटवर बसवायचं, व्हीलचेअर घडी करून मागं टाकायची, हे सगळं त्या एकट्या करत. मदतीला हात पुढे केला तर म्हणत, "तू फक्त दरवाजा धर."

आधी त्या सामानासाठी आमच्याच दुकानात येत. माझ्या मिस्टरांचं बाजारात किराणा दुकान आहे, सासऱ्यांच्याही आधीपासूनचं. दुकानाला तीन उंच पायऱ्या. साहेब गाडीतच बसून राहत आणि काचेतून वर बघत. माझ्या मिस्टरांना ते बरं वाटेना. एकदा घरी चहाला सिस्टर आल्या असताना ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्रास काऊन घेता? फोन करत जा, मी सामान घरी पोचवतो."

"भाऊ, साहेबाले सामान नाई पाह्यजे," सिस्टर म्हणाल्या. "त्याहिले बाजार पाह्यजे."

मग कपाला हात न लावता, अगदी साध्या आवाजात, त्या पुढं बोलल्या, "त्याहिचे वडीलबी तुमच्या पायऱ्यांच्या खालीच उभे राहत. तुमच्या आजोबांच्या काळात. पुडी वरून टाकत. साहेब लहान होते, वडिलांसंगं यायचे. मले त्याहिनंच सांगितलं होतं, बोलता येत होतं तेव्हा."

माझे मिस्टर चहात चमचा फिरवत राहिले. साखर कधीच विरघळली होती. मी त्या घरात सून म्हणून इतकी वर्षं राहिले, मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. सिस्टर राग ठेवून बोलल्या नव्हत्या. शुद्ध मराठीत बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मिस्टरांनी दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. खालून नाली जाते, उतार काढायला जागा नाही, असं मिस्त्री म्हणाला. पायऱ्या तीनच आहेत.

म्हणून मग नागपूर रोडवरचा नवा मार्ट. काचेची दारं, आत सपाट फरशी, दाराशी उतार, आणि त्या उताराला लागून चारचाकीसाठी एक जागा निळ्या रंगानं आखलेली. मधे पांढऱ्या रेघांनी व्हीलचेअरचं चित्र. त्या निळ्या चौकोनात गाडी लावली की साहेब थेट आत. रविवारी सकाळी मीही त्यांच्यासोबत जायची. किराणा दुकानदाराची बायको मार्टात दिसू नये म्हणून डोक्यावरून ओढणी घ्यायची. सिस्टर हसत, "चोरी करून राह्यली का?"

आत गेल्यावर साहेब वेगळेच दिसायचे. डाव्या हातानं वांगं उचलायचे, देठ बघायचे, बोटानं दाबायचे, नापसंत असेल तर बाजूला सारायचे. सिस्टर व्हीलचेअरच्या मागं उभ्या राहून वाट बघत. त्यांना घाई नसायची. एकदा शेजारी एक बाई भरभर पिशवी भरत होती, तिला साहेबांनी स्वतः निवडलेलं वांगं दिलं. तिनं घेतलं, थँक्यू अंकल म्हणाली. "जाऊ दे," साहेब म्हणाले. ते वांगं देणं मला अजून दिसतं.

पण आत पोचेपर्यंतच सगळी लढाई होती. निळा चौकोन क्वचितच रिकामा सापडायचा. त्यात गाड्या नसत, ट्रॉल्या असत. लोक सामान आपल्या डिक्कीत भरत आणि ट्रॉली समोरच्या सपाट, मोकळ्या जागेत लोटून निघून जात. ट्रॉल्यांची रांग दाराशीच, फार लांब नाही. पण निळी जागा त्याहून जवळ. एकानं ठेवली की दुसऱ्याला वाटे, ही ट्रॉल्यांचीच जागा. काही वेळा त्यात पाण्याची बाटली, फाटकी पिशवी, खाऊन टाकलेलं चिप्सचं पाकीट.

सिस्टर गाडी मधेच उभी करत. मागचे हॉर्न वाजवत. त्या उतरत, पदर खोचत आणि ट्रॉल्या एकीत एक घालून, कमरेनं रेटा देत रांगेकडं नेत. मी उतरले तर म्हणत, "तू साहेबांजवळ बस." साहेब मान खाली घालून बसलेले असत. मागचा हॉर्न वाजला की त्यांचा डावा हात मांडीवर आवळला जायचा. ज्या माणसाच्या आवाजानं अख्खं तहसील जागं व्हायचं, तो आपल्यासाठी बायको ट्रॉल्या ढकलते आहे हे बघत होता. "जाऊ दे," ते हळूच म्हणत. ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. मी खिडकीबाहेर बघायची.

सिस्टरांनी मॅनेजरला गाठलं. तो तरुण होता, नम्र होता. म्हणाला, "मॅडम, कस्टमरले आम्ही काय बोलणार?"

"आपण बोलू नका. आपण ती जागा राखा," सिस्टर म्हणाल्या. शुद्ध मराठीत.

त्यानं खरंच सोय केली. निळ्या चौकोनाभोवती लोखंडी खांब रोवले, साखळी लावली, साखळीला कुलूप. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर चौकोन स्वच्छ, एकही ट्रॉली नाही. सिस्टर खूश. दारावरचे सिक्युरिटीचे ढोके भाऊ धावत आले आणि खजील होऊन म्हणाले, "सिस्टर, चाबी मॅनेजर साहेबाजवळ आहे. ते मीटिंगले नागपूरले गेलते, अजून आले नाई." आम्ही साखळीच्या बाहेर उन्हात थांबलो. साहेबांच्या कपाळावरून घाम गळायला लागला तेव्हा सिस्टरांनी गाडी वळवली. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, "आता जागा लय सुरक्षित झाली." पुढं काही दिवसांनी साखळी निघाली, खांब राहिले, आणि खांबांच्या आत ट्रॉल्या आणखीच नीट बसू लागल्या.

हे सगळं इतकं लांबवून सांगतेय, कारण त्या दिवशी सिस्टर का भडकल्या हे नीट कळावं. नाहीतर फक्त त्यांचा आवाजच लक्षात राहतो. लोकांच्या तेवढाच राहिला.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. पार्किंगमध्ये शिरायलाच वेळ लागला. साहेबांना बरं नव्हतं, पण त्यांनी यायचा हट्ट धरलेला. निळ्या चौकोनाजवळ पोचलो, तेव्हा तो नशिबानं रिकामा होता. सिस्टरांनी इंडिकेटर देऊन वळण घेतलं, आणि तेवढ्यात एका बाईनं रिकामी ट्रॉली बरोबर आमच्या गाडीसमोरून त्या चौकोनात लोटली. वळून बघितलंसुद्धा नाही. पस्तिशीची असेल, चांगला पंजाबी ड्रेस, चापूनचोपून बांधलेले केस. ती भराभर आपल्या गाडीकडं निघाली.

सिस्टर उतरल्या. "मॅडम, थांबा. आपण शिकलेल्या दिसता. हे चित्र आपल्याला वाचता येतं का?"

बाई थांबली. तिनं आपल्या गाडीकडं पाहिलं, मग सिस्टरांकडं. "सॉरी, मला जरा..."

"सॉरी मला नको. या गाडीत माझे पती बसलेले आहेत. त्यांना चालता येत नाही. आपल्याला चालता येतं ना? मग कृपया ही ट्रॉली उचला आणि जिथून घेतली तिथं ठेवून या. सगळे बघताहेत, बघू द्या."

सगळे बघतच होते. सामानाच्या पिशव्या खाली ठेवून लोक उभे राहिले. कोणीतरी मोबाइल वर धरला. कोणी म्हणालं, "बरोबर बोलल्या काकू." आणि मी, गाडीत साहेबांजवळ बसलेली, मलाही मनातून बरंच वाटत होतं. इतक्या रविवारांचं कोणीतरी एकदाचं ऐकत होतं.

बाईनं पुन्हा एकदा आपल्या गाडीकडं बघितलं. मग मान खाली घालून ती ट्रॉली दाराकडं ढकलत निघाली. लोकांनी वाट करून दिली. एक दोघांनी टाळ्या वाजवल्या.

ती रांगेपर्यंत पोचली नसेल तोच तिच्या गाडीतून धप धप आवाज यायला लागला. मागच्या सीटवर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती. ती काचेवर कपाळ आपटत होती. मग दार उघडलं आणि ती बाहेर पळाली, कानांवर हात दाबून, सरळ गाड्यांच्या वाटेत. एका जीपवाल्यानं करकचून ब्रेक मारला. जीप तिच्यापासून हातभरावर थांबली. मुलगी खाली बसली आणि ओरडायला लागली. शब्द नव्हते त्यात, नुसता आवाज.

आई धावत आली. गुडघ्यांवर आपटली, मुलीला मागून दोन्ही हातांनी आवळून धरलं आणि तिच्या कानाजवळ तोंड नेऊन काहीतरी सुरात पुटपुटत राहिली. गर्दीतलं कोणी म्हणालं, "पोरगी वेडी आहे वाटते." सिस्टरांना ते एका नजरेत कळलं होतं. जन्मभर वॉर्डात काढलेली बाई. बाईला एवढी घाई कसली होती, ट्रॉली का लोटून दिली, वळून का बघितलं नाही, सगळं. त्या दोन पावलं पुढं गेल्या, हात पुढं केला. बाईनं मान वर करून फक्त पाहिलं. सिस्टर जिथल्या तिथं थांबल्या.

मुलगी शांत झाल्यावर बाईनं तिला गाडीत बसवलं आणि ती निघून गेली. लोक आपापल्या पिशव्या उचलून पांगले. निळा चौकोन मोकळा होता. सिस्टरांनी गाडी त्यात लावली नाही. आम्ही तसेच परत आलो. साहेब रस्ताभर रडत होते, आणि त्या दिवशी त्यांचे ते दोन शब्दही निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी सकाळी कोणीतरी टाकला. सिस्टरांचं बोलणं, बाईची खाली गेलेली मान, ट्रॉली, टाळ्या. तिथंच संपत होता. पुढचं कोणी टिपलं नव्हतं किंवा कापलं होतं. खाली लिहिलं होतं, 'वर्ध्याच्या रणरागिणीला सलाम.' बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरची मुलं तो बघून हसत होती. त्या बाईचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

कॉलनीतले लोक सिस्टरांचं अभिनंदन करायला आले. सिस्टर प्रत्येकाला सांगत, "असं नाई झालं. त्या बाईची पोरगी आजारी होती, माह्याकडून चूक झाली." लोक म्हणत, "तुमचा मोठेपणा आहे, सिस्टर." एका मंडळाचा सत्कारासाठी फोन आला. सिस्टर म्हणाल्या, "कृपया मला पुन्हा फोन करू नये." त्यांचं शुद्ध मराठी मी पहिल्यांदाच थरथरताना ऐकलं.

त्यानंतरचे रविवार त्या मार्टाच्या पार्किंगमध्ये त्या बाईची वाट बघण्यात गेले. ती आली नाही. ट्रॉल्या तशाच असायच्या. सिस्टर त्या उचलून ठेवत, कोणाला एक शब्द न बोलता. एकदा ट्रॉली सोडून जाणाऱ्या एका माणसानंच त्यांना ओळखलं आणि घाईघाईनं म्हणाला, "ठेवतो मावशी, ठेवतो, व्हिडिओ नका काढू." सिस्टरांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यालाच काही कळेना.

शेवटी ढोके भाऊंनी तोंड उघडलं. ती बाई सेलूची होती. त्यांच्या साळ्याच्या गल्लीत राहायची. "सांगणार नव्हतो," ते म्हणाले, "पण तुमचा चेहरा पाहवत नाई."

सिस्टरांनी मला सोबत यायला सांगितलं. साहेबांजवळ त्यांची बहीण बसली. सेलूत विचारत विचारत गेलो. घर सापडलं. दार त्या बाईनंच उघडलं. तिचं नाव वैशाली. तिनं आम्हाला ओळखलं आणि दाराच्या चौकटीवर हात ठेवला. आतून स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवल्याचा आवाज येत होता, एका लयीत.

"मी माफी मांगाले आली," सिस्टर म्हणाल्या. "मले समजाले पाह्यजे होतं. मी नर्स होती."

वैशालीनं चौकटीवरचा हात काढला नाही. म्हणाली, "मी तुमच्या त्या निळ्या जागेत कधी गाडी लावली नाही. ईश्वरी दिसायला धडधाकट आहे. लोक म्हणतील, हिला काय झालं. दर वेळी लांब लावते, एका हातात तिचा हात, एका हातात ट्रॉली. दर वेळी ट्रॉली परत ठेवते. त्या दिवशी फटाके वाजत होते, तिला गाडीत बसवलं आणि ती स्वतःचा हात चावायला लागली. म्हणून."

"हो," सिस्टर म्हणाल्या.

"तो व्हिडिओ माझ्या नणंदेनं मला पाठवला. खाली विचारलं होतं, ही तूच ना?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही मला चारचौघांत बोललात, काकू. माफी मात्र इथं माझ्या दारात मागताय. इथं ऐकायला कोण आहे?"

सिस्टरांनी माझं मनगट धरलं. या वेळी त्या नाडी मोजत नव्हत्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. दार हळूच लागलं. आपटलं नाही, याचंच मला जास्त लागलं.

पुढच्या रविवारी, ऐन गर्दीत, सिस्टर निळ्या चौकोनात उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "काढ व्हिडिओ." सुरुवात केली, "नमस्कार, मी आपणा सर्वांना सांगू इच्छिते..." आणि थांबल्या. "हे रागाचं बोलणं आहे. पुसून टाक." दुसऱ्यांदा आपल्या बोलीत बोलल्या. लोक पुन्हा गोळा झाले होते.

"मी वासनिक सिस्टर. तुम्ही जो व्हिडिओ पाह्यला तो अर्धा आहे. त्या बाईची पोरगी आजारी आहे, तिले सोडून जाता येत नव्हतं. मी न विचारता तिले सगळ्यांसमोर बोलली. माह्या बोलण्यानं ती पोरगी जीपखाली येत होती. ज्या जागेसाठी मी भांडली, ती जागा त्या पोरीचीबी होती. हे मले समजलं नाई. टाळ्या वाजवणाऱ्यायलेबी समजलं नाई. त्या बाईची मी इथंच माफी मागते, जिथं बोलली तिथंच. पह्यला व्हिडिओ ज्यानं ज्यानं पाठवला, त्यानं हाबी पाठवजो."

मी तो सगळीकडं पाठवला. शाळेच्या ग्रुपवर दोघांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मुख्याध्यापकांनी लिहिलं, 'वय झालं की माणूस हळवं होते.' पुढं कोणी पाठवल्याचं मला दिसलं नाही. पहिला मात्र पुढचे कित्येक महिने कुठून कुठून फिरून पुन्हा माझ्याच फोनवर येत राहिला, दर वेळी नव्या कौतुकासह. मी तो सिस्टरांना दाखवत नसे. त्यांना इतर लोक दाखवत.

साहेब त्या हिवाळ्यातच गेले. झोपेत. धम्म परंपरेप्रमाणे सगळं साधं झालं. माझे मिस्टर खांदा द्यायला पुढं होते. परतल्यावर बाजारात न जाता घरीच बसून राहिले. दुकान उघडलं नाही.

आता सिस्टर मार्टात जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण रविवारी सकाळी अल्टो निघायचीच. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "काम राह्यते थोडं." त्याहून जास्त सांगितलं नाही. सांगितलं ते ढोके भाऊंनी. वैशाली पुन्हा यायला लागली होती. पहिल्यांदा आली तेव्हा दाराशी बसलेल्या सिस्टर लांबूनच उठून उभ्या राहिल्या, जवळ गेल्या नाहीत. दोन-तीन खेपा असंच चाललं. मग एकदा वैशालीच त्यांच्यापाशी आली आणि म्हणाली, "बिलाच्या लायनीत ही थांबत नाही. बसाल जरा हिच्याजवळ?" तेव्हाही ती काचेच्या दाराआडून सारखी बघत होती म्हणे. पुढं बघणं कमी झालं.

"माफ केलं का तिनं?" मी सिस्टरांना विचारलं.

"नाई," त्या म्हणाल्या. "काऊन करावं?"

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. घर भाड्यानं दिलं, अल्टो विकायला काढली. जायच्या आधीच्या रविवारी मी मार्टासमोरून स्कूटीनं जात होते. ओढणी घेतली नव्हती. पार्किंगमध्ये वैशालीची गाडी दिसली म्हणून मी कडेला थांबले.

गाडी निळ्या चौकोनात उभी होती. मागच्या सीटवर सिस्टर बसल्या होत्या आणि ईश्वरी त्यांच्या अंगावर सगळा भार टाकून रेलली होती, चांगली उंच पोर, पाय दारापर्यंत लांब केलेले. सिस्टरांचा एक हात तिनं आपल्या दोन्ही कानांवरून गळपट्ट्यासारखा ओढून घेतला होता. तो हात नक्कीच अवघडला असणार. सिस्टर हलत नव्हत्या.

वैशाली ट्रॉली घेऊन बाहेर आली. सामान डिक्कीत ठेवलं, ट्रॉली रांगेत नेऊन लावली. मग लगेच परतली नाही. फाटकाशी उसाच्या रसाची गाडी होती, तिथं गेली. एक ग्लास घेतला आणि सावलीत उभी राहून, एकटीच, घोट घोट प्यायला लागली. रस्त्यावरच्या गाड्या बघत होती. कोणाला शोधत नव्हती, कोणाला आवरत नव्हती. अर्धा ग्लास झाल्यावर तिनं रसवाल्याला आणखी थोडा बर्फ मागितला.

मला सिस्टरांना हाक मारायची होती, निरोप घ्यायचा होता. पण त्यांनी मुद्दाम तोंड दुसऱ्या खिडकीकडं फिरवलं होतं. वैशालीनं चुकून वळून पाहिलं, तर आपली कोणी वाट बघतंय असं तिला वाटू नये म्हणून.

मी स्कूटी सुरू न करता थोडी पुढं ढकलत नेली.